कारखान्याची खळ

ज्या कुणी त्या इवल्याशा पडद्यावर 'हो' आणि 'नाही' असे दोन शब्द लिहिले, आणि त्यातल्या 'हो'वर आधीच उजेड पाडून ठेवला, त्या माणसा, तू गुन्हेगार आहेस. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत तुझं नाव नाही, सही नाही, पत्ता नाही. पहिल्या पानावर नुसतं 'आपले हार्दिक अभिनंदन' आहे. कशाबद्दल, ते तूच जाणे. माणसाला 'हो' म्हणायची घाई असते हे तू हेरलंस, अंगठा आपसूक पडतो तिथंच 'हो' मांडून ठेवलंस, आणि संध्याकाळी घरी जाऊन निवांत झोपलास. इकडे एका शिंप्याचं काय झालं ते तुला कुणी कळवलं नसेल. म्हणून आता ऐक.

या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. एका खोलीचं दुकान. पुढं कापायचं टेबल, मागच्या भिंतीला दोन मशीनं. एक मास्तरांचं, दुसरं त्यांच्या मुलीचं. मुलीचं मशीन वर्षभर चादरीखाली होतं. मास्तर रोज दुकान उघडलं की चादर उचलायचे, तेलाचे दोन थेंब सोडायचे, चाक हातानं फिरवून बघायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "वापर नसला की जाम होतं." जाम काय होतं, ते सांगायचे नाहीत.

मास्तरांचा हात सोन्याचा, पण त्यांना एक खोड होती. समोरच्याचं वाक्य ते पुरं होऊ द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक "मास्तर, जरा कमरेत" एवढंच बोललं, की "सैल करतो, कळलं" म्हणून कापडावर खडूची खूण मारून मोकळे. निम्म्या लोकांना घट्टच हवी असायची. ते लोक पट्टा घालून निभावून न्यायचे, कारण मास्तरांशी वाद घालायचा तर आधी एक वाक्य पुरं बोलता यायला हवं.

मुलगी याच खोडीनं दुरावली. लग्न झाल्यावरही ती रोज दुकानात येऊन बसायची, आणि कटाईत बापाच्या वरताण होती. एकदा एका कोटाची बाही आखूड झाली. गिऱ्हाईक समोर उभं. मुलगी म्हणाली, "बाबा, माप घेताना यांचा हात..." मास्तर म्हणाले, मापाला नावं ठेवायची नाहीत. ती म्हणाली, "मी मापाला नाही, मी एवढंच..." मास्तर म्हणाले, "कात्री धरायची अक्कल नसेल तर घरी बस." मुलीनं कात्री फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि ती खरोखरच घरी गेली. पुढं जावयाची बदली झाली, दोघं दुसऱ्या गावी राहायला गेली. 'घरी बस' असं मास्तरांना म्हणायचं नव्हतं. पण कापलेला तुकडा पुन्हा ताग्याला जोडता येत नाही, हे शिंप्याला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यानंतर बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे वेधशाळा. बरं आहे ना? बरं आहे. तिकडं उकडतंय का? उकडतंय. ठेवू? ठेव.

अशात मास्तरांचा रेडिओ बिघडला. दुकानात नुसती मशीनची घरघर उरली. ही बातमी कशी कोण जाणे, तिकडं पोहोचली; आणि एका सकाळी जावई दुकानाच्या दारात उभा राहिला. जावई स्वभावानं गरीब आणि बोलण्यात मंद, एका वाक्याला दोनदा श्वास घेणारा. त्यानं काडेपेटीएवढी एक डबी, कानात घालायच्या तारा आणि पुस्तिका असं सगळं टेबलावर ठेवलं.

"तिनं पाठवलंय. गाणी ऐकायचं यंत्र. सगळं भरून दिलंय, बाबा. नुसतं दाबायचं. आणि त्यात शेवटी..."

"कळलं, जावईबापू. शेवटी बंद करायचं. एवढं कळतं मला."

जावयानं दुसरा श्वास घेतला होता, तो तसाच सोडून दिला. त्याला गाडी गाठायची होती. उरलेलं वाक्य तोंडातल्या तोंडात घेऊन तो गेला. ते वाक्य असं होतं की, शेवटी तिचं बोलणं आहे, ते आधी ऐका.

मास्तरांनी हातातली पँट बाजूला सारली, हात पुसले, चष्मा लावला आणि यंत्र नीट पाहायला घेतलं. आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मास्तर नवं कापड कधी थेट कापत नसत. कापडाला कारखान्यातून येताना खळ लावलेली असते. ती हाताला कडक लागते, डोळ्याला छान दिसते आणि पहिल्या धुण्यात दगा देते. म्हणून आधी कापड पाण्यातून काढायचं, खळ जाऊ द्यायची, वाळवायचं, मग कात्री. चाळीस गिऱ्हाइकं ताटकळली तरी मास्तरांनी हा नियम मोडला नव्हता. नवी वस्तू म्हणजे आधी धुवायची.

पुस्तिकेत एक पान होतं, 'सुरुवात कशी कराल'. अशी मराठी, की वाचताना दाताखाली खडा यावा. त्यात लिहिलं होतं: 'उपकरणात कारखान्यातून आलेला नमुना मजकूर असल्यास तो काढण्याकरिता मूळ स्थिती हा पर्याय निवडावा.' मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना त्या पुस्तिकेबद्दल एकदम आदर वाटला. कारखान्यातून आलेलं आधी काढून टाकायचं! हा कोण लिहिणारा आहे तो आपल्यातलाच दिसतो, असं त्यांच्या मनात आलं. नमुना मजकूर म्हणजे कारखान्याची खळ. ती काढू, मग पोरीनं भरलेली गाणी ऐकू.

बटणं दाबत दाबत ते बरोबर त्या जागी पोहोचले. पडद्यावर प्रश्न आला: 'मूळ स्थितीत आणायचे?' खाली तुझे ते दोन शब्द. 'हो' उजळलेलं. काय काय जाईल, कुणाचं जाईल, याबद्दल अवाक्षर नाही. मास्तरांचा अंगठा होता तिथंच पडला. यंत्रानं 'कृपया थांबा' म्हटलं. मास्तर थांबले. जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी वाक्य पुरं होईपर्यंत थांबले, आणि नेमके तिथंच थांबायला नको होतं. मग पडदा उजळला आणि त्यावर आलं: 'रिकामे'.

खळ गेली म्हणून मास्तरांनी समाधानानं मान डोलावली, तारा कानात घातल्या आणि दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तेव्हा त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याला हाक मारून सांगितलं की जावई म्हणतो सगळं भरून दिलंय, आणि बघा, आत नुसती हवा. चष्मेवाला दुकानात गिऱ्हाईक नसलं की मास्तरांकडंच असायचा, आणि असलं तरी बऱ्याचदा मास्तरांकडंच असायचा. त्यानं यंत्र कानाला लावून हलवून पाहिलं आणि म्हणाला, "माणूस सरळ आहे हो तुमचा जावई, पण त्याला कुणीही फसवेल." दोघं पोट धरून हसले. ते हसणं मास्तरांना पुढं फार दिवस टोचत राहिलं.

हसू ओसरतंय तोच फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, ऐकलंत?"

रिकामा डबा पाठवलास की गं, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलंही होतं. पण तिच्या आवाजात आज ऊनपाऊस नव्हता. आवाज जरा ओला होता.

"शेवटी मी बोललेय ते. यांना घराबाहेर उभं करून बोलले. फोनवर तुम्ही बोलू देत नाही ना, म्हणून यंत्रात बोलले. सगळं ऐकलंत? मध्येच बंद नाही ना केलंत?"

मास्तरांनी टेबलावरच्या यंत्राकडं पाहिलं. पडद्यावर अजून तोच शब्द होता.

इथं खरं सांगता आलं असतं. चुकून पुसलं गेलं, पुन्हा बोल, एवढंच. पण वर्षभरानं पोर मनातलं बोलली, आणि बापानं ते खळीबरोबर धुऊन टाकलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा वाक्य सुचेना. म्हणून मग जे सुचलं ते बोलून गेले.

"ऐकलं की."

"सगळं?"

"सगळं."

"मग?"

"मग काय. तुझं बरोबर आहे."

पलीकडं आधी एक हुंदका. मग नाक ओढल्याचा आवाज.

"खरंच म्हणताय, बाबा? मला वाटलं होतं तुम्ही... बरं, मग शनिवारी टेम्पो करून येते. आणि ते..."

"ये, ये," मास्तर म्हणाले आणि त्यांनी घाईनं फोन ठेवला. कारण आणखी एक प्रश्न आला असता तर त्याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

आता माणूस कशाला 'बरोबर आहे' म्हणून बसलाय, हे त्याला स्वतःला माहीत नसणं यासारखी पंचाईत नाही. मास्तरांनी दुकान अर्ध्यातच ओढून घेतलं आणि नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडं धाव घेतली. तो पडदे बदलायचा, पुसलेले फोटो परत आणायचा. त्यानं यंत्र तारेनं आपल्या संगणकाला जोडलं आणि विचारलं की कुणी पुसलं. मास्तर म्हणाले, आपोआप. मोबाइलवाला म्हणाला, "आपोआप पुसणारे माझ्याकडं रोज येतात."

बऱ्याच वेळानं त्यानं काही गाणी बाहेर काढली. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला. आणि सगळ्यात शेवटी एक तुकडा. खुर्ची सरकल्याचा आवाज. श्वास. मग मुलीचा आवाज: "बाबा, मध्ये बोलू नका हं. ऐका." त्यानंतर खरखर. बस्स. मोबाइलवाल्यानं हात पुसले आणि सांगितलं की बाकीचं गेलं, ते आता कुणालाच मिळणार नाही. मास्तरांनी तो तुकडा तिथंच उभ्यानं परत परत लावला. "मध्ये बोलू नका हं. ऐका." ते ऐकत होते. मध्ये बोलतही नव्हते. पण पुढं काही येत नव्हतं.

शेवटी मोबाइलवाला म्हणाला, "मास्तर, मागं रांग लागलीय." तेव्हा ते निघाले.

दुकानात परत आल्यावर मास्तरांनी सगळा प्रकार चष्मेवाल्याला सांगितला. चष्मेवाल्यानं आधी तोंडात बोटं घातली, मग डोकं चालवलं. त्याचं डोकं चाललं की कुणाचं तरी नुकसान ठरलेलं.

"मला सांगा, ती काय म्हणाली? टेम्पो करून येते. आता टेम्पो कशाला लागतो? न्यायला. भेटायला येणारं माणूस पिशवी घेऊन येतं, टेम्पो घेऊन नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग तुमच्याकडून टेम्पो भरून न्यावं असं तिचं काय आहे?"

दोघांची नजर एकदमच मागच्या भिंतीकडं गेली. चादरीखाली मशीन होतं.

मास्तर खाली बसले. सगळं जुळत होतं. तिकडं ती स्वतःचं दुकान थाटणार. मशीन मागायला तिला लाज वाटत असणार, फोनवर बाप वाक्य तोडणार, म्हणून यंत्रात बोलली. बापानं 'बरोबर आहे' म्हटलं आणि तिला रडू फुटलं. म्हणजे आता हिशेब संपला. दुसरं मशीन नसलं म्हणजे ती परत कशाला येईल? वर्षभर तेल घालत होतो ते याचसाठी का, की गाडीत चढवायला सोपं जावं?

चष्मेवाला म्हणाला, "नाही म्हणून सांगा. अजून वेळ गेलेली नाही."

"एकदा बरोबर आहे म्हटलंय मी."

"पण तुम्ही ऐकलंच नाही काही."

"न ऐकता म्हटलं म्हणून काय झालं? म्हटलं ना?"

यावर चष्मेवाल्याकडं चष्मा नव्हता.

शनिवारी ती स्वतःच्या हातानं मशीन उचलताना आपल्याला बघवणार नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. आणि उगाच पोरीला टेम्पोचा भुर्दंड का? म्हणून त्यांनी ठरवलं की ती निघायच्या आतच मशीन तिच्या दारात पोहोचवायचं. निदान एक काम तरी न सांगता केलं असं होईल. त्यांनी मशीनसाठी जाड कापडाची नवी खोळ शिवली. कोपरे दुहेरी शिवले, चाकाला वेगळी जागा केली. मशीनच्या खणात तिच्या बॉबिन, बोटात घालायचं अंगुस्तान आणि मोडक्या दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घातला, वर तिची बसायची उशी बांधली. कोटाला घातले नसतील असे बारीक टाके त्या खोळीला घातले. हे यंत्रात बोलता आलं नसतं, म्हणून शिवलं असं म्हणा. पण टाके वाचायला कुणाला येतं?

शनिवारी उजाडता उजाडता चष्मेवाल्याच्या ओळखीचा टेम्पोवाला आला. मशीन चढवून झाल्यावर त्यानं विचारलं, "तिथं घरी कुणी असेल ना? नाही तर मी..."

"असणारच. जा तू."

टेम्पो गेला. मास्तरांनी मागच्या भिंतीकडं पाहायचं टाळलं. दुपारपर्यंत त्यांनी एकाच पँटची एकच शिवण दोनदा घातली आणि दोनदा उसवली.

दुपारनंतर दुकानासमोर एक टेम्पो येऊन थांबला. त्याच्या मागच्या हौद्यात पलंग होता, कपाट होतं, भांड्यांची पोती होती, गुंडाळलेली गादी होती, आणि गादीवर जावई बसला होता. पुढून मुलगी उतरली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली कात्री होती. ती थेट आत आली, कापायच्या टेबलाला वळसा घालून मागं गेली आणि थबकली. भिंतीशी फरशीवर मशीनच्या चार पायांचे चार डाग होते. त्यांच्या मध्ये तेलाचा एक.

"बाबा, माझं मशीन?"

"तुझ्याकडं पाठवलं की. सकाळीच. तुला टेम्पोचा त्रास नको म्हणून." बोलता बोलता मास्तरांची नजर बाहेरच्या पलंगाकडं गेली आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. "हे सामान कसलं?"

"कसलं म्हणजे? यांनी आधीच परत इकडं बदली मागून घेतली होती. तिकडचं घर सोडलं आम्ही, पहाटेच निघालो. तुम्हीच म्हणालात ना, बरोबर आहे तुझं." ती थांबली. बापाच्या तोंडाकडं पाहत राहिली. शिंप्याची मुलगी ती, नुसत्या नजरेनं माप घेणारी. "बाबा, तुम्ही ऐकलं नाहीत."

मास्तरांनी मग सगळं सांगितलं. खळ, उजळलेलं 'हो', मोबाइलवाला, तो तुकडा, टेम्पोचा हिशेब, मशीनची नवी खोळ. चष्मेवाला दारात उभा होता. हिशेबाची गोष्ट आली तसा तो आपल्या दुकानात गिऱ्हाईक आल्याचं भासवून नाहीसा झाला.

मुलगी हसेल किंवा चिडेल असं मास्तरांना वाटलं होतं. तिनं दोन्ही केलं नाही. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि कात्री मांडीवर ठेवली.

"मी एवढंच विचारलं होतं, की माझी जागा अजून आहे का."

"आणि बाकीचं? सगळं ऐकलंत का, असं विचारत होतीस."

"होतं."

"मग आता बोल. मी नाही बोलणार मध्ये."

"आता नाही येणार मला, बाबा. ते एकदाच आलं होतं."

बाहेर जावई गादीवरून उतरला आणि काही सांगायला दारापर्यंत आला. पण आतलं बघून मागं सरला. मास्तर टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. ते काय गेलं, किती गेलं, त्यात शिव्या होत्या की माया, हे आता या जन्मी कळायचं नव्हतं. ज्यानं पडद्यावर 'रिकामे' असं लिहिलं, त्याला 'रिकामे' म्हणजे काय ते ठाऊक नसावं.

मुलीनं मांडीवरची कात्री बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला वाटलं मी मशीन न्यायला येतेय. कायमचं."

"हो."

"आणि तरी नवी खोळ शिवलीत?"

"कोपरे घासले असते गं रस्त्यात."

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलले. हसण्यानं की कशानं, ते पाठीकडून कळत नव्हतं, आणि मास्तरांनी या खेपेला अंदाज बांधला नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मास्तरांनी तो घाईनं उचलला, आणि त्यांचा अंगठा कुठं पडला कोण जाणे, टेम्पोवाल्याचा आवाज सगळ्या दुकानात घुमला.

"मास्तर, इथं कुलूप आहे. शेजारी म्हणतात, माणसं घर सोडून गेली. कुणाच्या ओट्यावर ठेवू देत नाहीत. मी रस्त्यात उभा आहे हे घेऊन. कुठं उतरवायचं ते सांगा."

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. फोन धरलेला हात त्यांनी मुलीपुढं केला आणि ते तिच्याकडं पाहत उभे राहिले. ती फरशीवरच्या डागांकडं पाहत होती.

"हॅलो," टेम्पोवाला म्हणाला, "ऐकताय ना? अहो, मशीन न्यायचं कुठं? उत्तर द्या की कुणीतरी."